रामरावांची प्रत

हुमनाबादच्या औद्योगिक भागात ठिबकच्या नळ्या बनवणारी एक कंपनी आहे. तिथले कॉम्प्युटर सुधारानी बारा वर्षं सांभाळते. कंपनीसाठी गावोगाव विहिरींचं पाणी किती खोल ते मोजत फिरणाऱ्या माणसांचे लॅपटॉप दिवसभर रेंजबाहेर असतात. रेंज आली की त्यातल्या फायली कंपनीच्या सर्व्हरशी आपोआप जुळतात. एकाच विहिरीची नोंद दोन लॅपटॉपवरून वेगवेगळी आली, की मशीन अडतं आणि विचारतं, कोणती प्रत ठेवू? ते सुधारानीनं ठरवायचं.

चिटगुप्प्याकडच्या विहिरी रामराव मोजायचे. आषाढात ते छातीत कळ येऊन गेले. त्यांचा भाग किरणकुमारकडे आला. रामरावांचा लॅपटॉप घरीच राहिला. त्यांचं सर्व्हरवरचं खातं बंद करायचं पत्र वरून आलंच नाही.

महिन्याभरानं एका सकाळी मशीन अडलं. एक विहीर, दोन नोंदी. किरणकुमारची अठ्ठेचाळीस फूट, दुसरी एकसष्ट. दुसऱ्या नोंदीवर नाव रामरावांचं आणि तारीख कालची.

जुनी फाईल कुठंतरी अडकली असेल, असं तिनं मनाला समजावलं. दुसऱ्या दिवशी आणखी चार विहिरी आल्या. रामराव पाणी चाखून शेवटी ‘गोड’ किंवा ‘मचूळ’ लिहायचे. तेही प्रत्येक नोंदीखाली होतं. सुधारानीच्या अंगावर काटा आला.

“मेलेल्या माणसाचं कामून धरायलाव, अक्का? माझीच ठेवा,” किरणकुमार म्हणाला. पण त्यानं वर बघितलं नाही.

सुधारानी बसनं चिटगुप्प्याला गेली. रामरावांच्या बायकोनं, गुरुबाईनं, पाणी दिलं आणि नोंदींचं विचारताच शांतपणे सांगितलं, “व्हय, मीच लिहायलेय. वीस वर्षं त्यांच्यासंगं दोरी धरली म्या. किरणकुमार इकडं फिरकतच न्हाई. ढाब्यावर बसून आकडे टाकतंय.”

सुधारानीच्या जिवात जीव आला. “मग पाचही विहिरी एकट्याच मोजता?”

“पाच? मी जवळच्या दोनच मोजते, बाई.”

सुधारानीनं सोबत आणलेला नोंदींचा कागद काढून विहिरींची नावं वाचून दाखवली. तिसऱ्या नावाला गुरुबाईचा चेहरा उतरला. “ह्या तीन म्या लिहिल्या न्हाईत.”

“घरात दुसरं कोणी?”

“कोन हाय दुसरं?”

दोघी रिक्षा करून तिसऱ्या विहिरीवर गेल्या. भर दुपारी पाखरूसुद्धा ओरडत नव्हतं. गुरुबाईनं मापाची दोरी विहिरीत सोडली. बावन्न फूट. कागदावर बावन्नच होतं. तिनं बादलीतलं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं आणि तशीच उभी राहिली.

“काय झालं, अक्का?”

“मचूळ हाय,” ती हळूच म्हणाली. कागदावर तेच होतं. उरलेल्या दोन विहिरीही तशाच जुळल्या.

सुधारानीनं पाचही ठिकाणी रामरावांची प्रत ठेवली आणि साहेबांना किरणकुमारचं सगळं सांगितलं. तीन विहिरींचं तेवढं पोटात ठेवलं. किरणकुमारची बदली गोदामात झाली. गुरुबाईला कामावर घेतलं, लॅपटॉप तिच्या नावावर झाला. रामरावांचं खातं सुधारानीनं स्वतःच्या हातानं बंद केलं.

त्यानंतर मशीन कधी अडलं नाही. दिवाळीआधी गुरुबाई ऑफिसात आली, तेव्हा सुधारानीनं भीत भीत विचारलं, “परत काही जाणवलं का हो?”

“न्हाई,” गुरुबाई म्हणाली. “आता सगळ्या विहिरींवर मी जायलेय की. त्यांनी कामून यावं?”