वाचलं नसेल त्याने वाढायचं

ही गोष्ट नवऱ्याला माहीत नाही, मुलीला माहीत नाही, आणि ज्यांच्यासोबत मी इतकी वर्षं दर महिन्याला एका सतरंजीवर बसून जेवले त्यांच्यापैकीही कुणाला माहीत नाही. एकाच बाईला अर्धी माहीत आहे. तिने ती कुणाला सांगितली नाही — आणि मीही नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखत असतात, तर मी आत्ता चहा टाकला असता आणि विषय बदलला असता. त्यात माझा हात धरणारं कुणी नाही.

आधी त्या रविवारांबद्दल बोलते. लगेच मुद्द्यावर यायला हवं, कळतं मला. तीस वर्षं पोरांना हेच सांगितलं — उत्तर थेट लिहा, प्रस्तावना नको. पण ते रविवार इतके छान होते हो. ते न सांगता पुढचं सांगितलं, तर मी काय नासवलं हे तुम्हाला कळणारच नाही.

यवतमाळच्या एका कॉलेजात मी मराठी शिकवायची. निवृत्तीला दोनेक वर्षं उरली होती, तेव्हा आम्ही सात-आठ जणांनी वाचनमंडळ सुरू केलं. महिन्याला एक पुस्तक. महिन्यातला एक रविवार, संध्याकाळी पाच वाजता, आळीपाळीने एकेकाच्या गच्चीवर. आणि डबा पार्टी — प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायचा. कुणी पातोडीचा रस्सा, कुणी सांभारवडी, कुणी गोळाभात. आमचे वानखडे सर, निवृत्त हेडमास्तर, दर वेळी जवसाची चटणीच आणायचे आणि दर वेळी ती नवीन पद्धतीने केली आहे असं सांगायचे. रुबीना दातांची डॉक्टर. ती गोड आणायची आणि वर म्हणायची, खा, खा, माझा धंदा चालला पाहिजे. ऊन उतरायचं, गच्चीची फरशी अजून कोमट असायची. पुस्तकावर भांडणं व्हायची. हमरीतुमरीवर आलेली माणसं पाच मिनिटांनी एकमेकांच्या ताटात भाजी टाकायची. त्या संध्याकाळी मला आपलं गाव फार आवडायचं.

मंडळाचा एक नियम होता. ज्याने त्या महिन्याचं पुस्तक वाचलं नसेल, त्याने ते कबूल करायचं आणि त्या दिवशी वाढायचं. पंगतीत बसायचं नाही. सगळ्यांचं झालं की मग जेवायचं. वानखडे सरांवर एकदा ती पाळी आली तेव्हा त्यांनी रुबीनाच्या गुलाबजामांवर रस्सा ओतला होता. किती हसलो आम्ही! हा नियम कुणाच्या डोक्यातून निघाला? माझ्याच. पहिल्या बैठकीत मीच मोठ्या तोऱ्यात तो जाहीर केला होता.

मी मात्र कधीच वाढलं नाही. एकदाही नाही.

कारण मी वाचून यायची, असं सगळे समजत. आणि मी — आता लिहिते आहे तर लिहूनच टाकते — मी वाचत नव्हते. त्या वर्षांत मला वाचवत नव्हतं. पुस्तक उघडायची, चार पानं जायची, आणि मन उठून दुसरीकडे निघून जायचं. कारणं होती. ती इथे देत बसणार नाही. मराठीच्या मॅडमला वाचवत नाही, हे कुणाला सांगणार होते मी? पहिलं वर्ष जुन्या पुंजीवर निघालं. आधी कधी तरी वाचलेलं आठवून ठोकून द्यायचं, मलपृष्ठावरचा मजकूर जरा फिरवून बोलायचं. आम्हा मास्तरांना ते जमतं. मग शोभाताई आली.

शोभाताई आर्णी रोडला मेस चालवायची. कॉलेजच्या पोरांची मेस. दोन खोल्या, चार बाकं, भिंतीवर पोरांनी लिहिलेले मोबाइल नंबर. माझा हात फ्रॅक्चर होता तेव्हा महिनाभर तिचा डबा घरी यायचा. एकदा ती स्वतः डबा घेऊन आली आणि टेबलावरच्या दिवाळी अंकाकडे बघतच राहिली.

"मॅडम, हा नेऊ का? उद्या डब्यासंगं आणून देतो."

दुसऱ्या दिवशी खरंच आणून दिला. सगळा वाचून. तीन गोष्टींबद्दल बोलली, आणि उभ्या उभ्या असं बोलली की मी खुर्ची पुढे केली. दहावी झालेली बाई. दुपारी तीन ते पाच, भांडी झाल्यावर, गव्हाच्या कोठीवर बसून वाचायची. खूण म्हणून पानांत गॅस सिलिंडरच्या पावत्या घालायची. मी तिला मंडळात बोलावलं. हो, मीच. तिला आधी खरं वाटेना. मग तिने नियम नीट ऐकून घेतला आणि हसून म्हणाली, "रोज दोन टाइम चाळीस पोरायले वाढतो मी, मॅडम. रविवारी रात्री मेसले सुट्टी रायते. तेवढ्या एका दिवशी तरी मले कोणी वाढा. पुस्तक मी वाचल्याबिगर येनारच नाही, पाहा तुम्ही."

आणि ती कधीच न वाचता आली नाही. अकरा महिने, अकरा पुस्तकं. पंगतीत मांडी घालून बसायची, ताट समोर आलं की आधी दोन क्षण नुसती बघायची. वाढणाऱ्याला "बस, बस" म्हणताना तिच्या चेहऱ्यावर जे सुख असायचं ना — मी ते पाहिलेलं आहे. म्हणूनच हे इतकं जड जातंय.

मी तिला स्कूटीवर घेऊन जायची. मांडीवर डबा, त्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत पुस्तक, आणि माझ्या कानामागे तिचं बोलणं सुरू. पुस्तकाबद्दलच. मी विचारायची, मग तुम्हाला काय वाटलं? — मास्तरकीच्या आवाजात, जणू तिची परीक्षा घेते आहे. ती सांगायची, भरभरून. दहा-पंधरा मिनिटांच्या रस्त्यात ती मला अख्खं पुस्तक द्यायची.

आणि गच्चीवर पोचलं की मी पहिली बोलायची.

पहिल्यांदा झालं तेव्हा मनात खरंच काही नव्हतं, असं म्हणावंसं वाटतं. पण होतं का नव्हतं, आता कोण सांगणार? ती म्हणाली होती ते मी माझ्या भाषेत मांडलं, आणि वानखडे सर म्हणाले, वा मॅडम! शेवटी फक्त चार शब्द जोडायचे होते — हे शोभाताईंचं म्हणणं आहे. चारच. ते ओठांवर आले आणि मी पाणी प्यायले. मग शोभाताईची बोलायची पाळी आली. ती जरा गोंधळली, म्हणाली, "मॅडम बोलल्या तेच." सगळे मायेने हसले. मीही हसले.

मग तशी सवयच पडली. दर महिन्याला मी बोलायची, आणि दर महिन्याला ती म्हणायची — मॅडम बोलल्या तेच. तुम्ही म्हणाल, ती आधी का नाही बोलली? मॅडमच्या आधी? मी तिच्या जागी असते तर बोलले असते का?

जानेवारीतला रविवार होता. तुरीच्या सोल्यांचे, म्हणजे ओल्या दाण्यांचे दिवस, रुबीनाची गच्ची. त्या महिन्याच्या कादंबरीत घर सोडून गेलेली एक सून शेवटी परत येते. स्कूटीवर मागून शोभाताई म्हणाली होती, "लोकं म्हणतील तिनं माफ केलं. माफ नाही केलं मॅडम. तिले दुसरीकडं जागाच नोती. अन् लिहिनाऱ्यानं तिले इचारलंच नाही." हे ऐकून मी स्कूटी हळू केली होती, इतकं ते नेमकं होतं. आणि अर्ध्या तासाने गच्चीवर मी म्हटलं — ही क्षमा नाही, हा जागेचा अभाव आहे. आणि लेखकाने तिला विचारलेलंच नाही. रुबीनाने ते वाक्य मोबाइलमध्ये लिहून घेतलं. माझ्या नावाने.

शोभाताईने नेहमीचंच सांगितलं. त्या दिवशी चौधरी नावाचे बँकेतले नवे सभासद होते, हौशी, गमत्ये. ते म्हणाले, "ताई, तुमचं दर वेळी मॅडमचंच असते, असं ऐकलं मी. खरं सांगा, पुस्तक उघडलं तं होतं ना? नाही तर नियम म्हणजे नियम बरं का!"

त्यांच्या मनात काळंबेरं काही नव्हतं. सगळे हसत होते. तिच्या मांडीवर ते पुस्तक होतं, पानांतून पावत्यांची टोकं बाहेर आलेली. तिने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही — पोळी उलटायला लागतो तेवढाच. मला तोंड उघडायला तेवढा पुरेसा होता. मी ओढणी सारखी केली.

"नाही वाचलं ह्या बारीनं," शोभाताई म्हणाली. पुस्तक पिशवीत घातलं, पदर कमरेला खोचला, आणि उठली.

तिने का तसं म्हटलं असेल? वाचलं म्हणाली असती, तर पुढे काही सांगावं लागलं असतं. आणि तिचं जे होतं ते मी नुकतंच सांगून बसले होते. मग एक तर ती पोपट ठरली असती, नाही तर मी चोर. तिने मला वाचवलं. भराभर वाढत गेली, एक थेंब इकडचा तिकडे नाही. चौधरी म्हणाले, वाढावं तर असं. माझ्यापाशी आली तेव्हा म्हणाली, घ्या ना मॅडम, सोल्यांची भाजी आहे, अजून घ्या. आवाजात काही नव्हतं. राग असता तर मी सुटले असते. मी भाजी घेतली. चांगली झाली होती. दुसऱ्यांदाही घेतली.

आणि माझा निर्लज्जपणा असा, की पुढच्या महिन्यात तिला बसवल्यावर मी पुन्हा विचारलं — कसं वाटलं पुस्तक? म्हणाली, नाही जमलं मॅडम, पोरांच्या परीक्षा आहेत. मग सिलिंडरचं काही तरी बोलत राहिली. त्या दिवशी तिला कुणी विचारायच्या आधीच ती वाढायला उभी राहिली. त्यानंतर ती आली नाही.

हे सगळं तुम्हाला वाईट वाटलं असेल. पण जे सांगायला मी बसले, ते अजून आलेलंच नाही.

ती न आल्याच्या दुसऱ्या महिन्यात वानखडे सरांनी काळजीने विचारलं, शोभाताई का येत नाहीत? कुणी जाऊन आणायचं का? रुबीना म्हणाली, मी जाते. तेव्हा मी म्हणाले — माझे शब्द मला तंतोतंत आठवतात — "नको आग्रह करू. तिला वाचनाची तेवढी आवड नाही गं. माझ्या भिडेखातर येत होती."

सगळ्यांनी मान डोलावली. मॅडम म्हणतात म्हणजे असेल. कुणीही तिला आणायला गेलं नाही.

हेच ते.

मंडळ अजून चालू आहे. चष्मे जाड झाले, वानखडे सरांना गच्ची चढवत नाही म्हणून आता दिवाणखान्यात बसतो. गेल्या महिन्यात जुन्या दिवसांच्या आठवणी निघाल्या आणि रुबीना म्हणाली, ती मेसवाली ताई आठवते? किती प्रेमाने वाढायची! आणि मी म्हणाले, हो ना, हाताला काय चव होती तिच्या.

दुसऱ्या दिवशी मी आर्णी रोडला गेले. स्कूटीने माझ्या घरापासून दहा मिनिटं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा. काय बोलायचं ते घरून ठरवून, मनात घोकून गेले होते. दुपारची वेळ, पोरं जेवत होती. तिचे केस पांढरे झाले आहेत. मला बघून तिला आनंद झाला — खोटा नाही, मला कळतो खोटा. "मॅडम! या, बसा, जेवल्याबिगर जाऊ देनार नाही." पोरांना सरकवून तिने मला बाकावर बसवलं, ताट केलं. स्वयंपाकघरात गव्हाच्या कोठीवर एक पुस्तक पालथं पडलेलं दिसत होतं.

मी सुरुवात करणार, तेवढ्यात ती हातात डाव घेऊन माझ्या शेजारी टेकली. हळू आवाजात म्हणाली, "सध्या काय वाचून राह्यल्या, मॅडम?"

मी मंडळाच्या पुस्तकाचं नाव सांगितलं. घरी टीव्हीशेजारी पडलेलं. एकही पान न उलटलेलं.

"कसं हाय?" ती म्हणाली. "सांगा ना. इथं कोणी पुस्तकाचं बोलनारंच नाही मले."

"छान आहे," मी म्हणाले.

ती वाट बघत राहिली. पुढचं ऐकायला — पुढे झुकून, डोळे माझ्यावर, पोरं मागे भाजी मागत होती तरी. मी वरणात भात कालवत राहिले. मग ती उठली.

"पोळी देऊ, मॅडम?"

मी ताट पुढे केलं.