उभ्यानं खाल्लेला घास

सुमी नर्सिंगच्या कॉलेजातून सुट्टीत घरी आली आहे. ताट वाढलं तरी ती बसत नाही. पोळीत भाजी घालून गुंडाळी करते, ओट्यापाशी उभी राहते आणि दाराकडे कान ठेवून भराभर खाते. पाणीसुद्धा घोटभरच पिते.

"अगं, बसून खा की," मी म्हटलं.

"वॉर्डात डबा उघडला की कुणीतरी हाक मारतंच, आई. आम्ही सगळ्या अशाच खातो. आणि पाणी जास्त प्यायलं तर सारखं जायला वेळ कुठे असतो?"

तिच्या हातातली बांगडी आता पार कोपरापर्यंत सरकते. फोनवर ती "जेवले" म्हणायची आणि मी निवांत झोपायचे. मी जन्मभर सगळ्यांच्या मागून जेवले, पण बसून जेवले. मुलगी शिकली की तिला वेळेवर घास मिळेल, असं मला वाटायचं.

आज तिनं दुसरा घास घेतला आणि बाहेर तिच्या बाबांना ठसका लागला. गुंडाळी ताटात टाकून ती धावली.

"अगं, तंबाखूचा ठसका हा! मी काय तुझा पेशंट आहे?" ते हसत म्हणाले.

ती आत आली तोवर मी पाट मांडून ठेवला होता. त्याच्याकडे बघून ती म्हणाली, "राहू दे आई, भूक मेली."

किती सहज म्हणाली. वाढत्या वयाच्या पोरीची भूक दोन घासांत मरते, आणि परवा मी तिला पुन्हा तिकडेच पाठवणार आहे.