रविवारची सुई

रंजिताचं ब्लाउज शिवायचं दुकान खांदा कॉलनीत, एका इमारतीच्या तळमजल्यावर. वेगळे झाल्यापासून दर रविवारी दहाला निकेश तिथे येतो, आभाला न्यायला. आधी हूक लावायची बारीक सुई ओवून दाखवायची, मगच मुलीचा हात धरायचा.

दोन वर्षांपूर्वी एसटी स्टँडच्या बाकावर आभाला बसवून तो ‘आलोच’ म्हणून प्यायला गेला. पाच वर्षांची पोर दीड तास तिथेच बसून होती. तेव्हापासून ही सुई. वास बडीशेपेने लपतो, हात लपत नाहीत, हे रंजिताचं गणित.

या रविवारी आभा सकाळपासून बूट घालून तयार. कर्नाळ्याला पक्षी बघायचे होते. निकेश आला, इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली. सुई उचलली. दोरा डावीकडून गेला, उजवीकडून गेला, नेढ्यात काही जाईना.

“ठेवा खाली,” रंजिता म्हणाली. “आभा, बूट काढ.”

“घेतली नाय गो. पाच दिवस झाले. म्हणून तर हात कापतात.”

“वा! प्यायलात तरी कापतात, नाही प्यायलात तरी कापतात?”

“वास घेऊन बघ.”

तिने घेतला. घाम आणि साबण. बाकी काही नाही.

ती मशीनवर बसली, उठली, दारात गेली, परत आली. त्याची सगळी खोटी कारणं तिला पाठ होती, त्यांत हे नव्हतं. आणि खरं असेल तर? सोडणाऱ्या माणसाची परीक्षा कशी घ्यायची, हे तिने कधी ठरवलंच नव्हतं.

“मम्मी, बस जाईल ना!”

“बसमध्ये तुम्हाला चक्कर आली, तर ही काय करेल?”

निकेश खाली बसला आणि थरथरत्या बोटांनी आभाच्या बुटाचा पट्टा सोडवू लागला. “आज नको, पोरी. मम्मी बोलते ते बरोबर हाय.”

या दारात तो भांडला होता, रडला होता. हे कधी म्हणाला नव्हता.

रंजिताने फोन लावला. “कोमलताई, ब्लाउज आज नाही, उद्या संध्याकाळी देते.” मग त्याच्याकडे वळली. “उद्या सकाळी डॉक्टरकडे. मी सोबत येते. कबूल असेल तर आज निघू, तिघं.”

“कबूल.”

तिने शटर ओढलं.

बसमध्ये आभा खिडकीशी, शेजारी तो, मागच्या सीटवर रंजिता. आभा काहीबाही विचारत होती, तो उत्तरं देत होता. रंजिताला शब्द ऐकू येत नव्हते. तिची नजर त्याच्या घामेजल्या मानेवरून हलत नव्हती.