हिल्केचं जास्तीचं गुणसूत्र

हिल्के डेक्सट्रा सोळा वर्षं नेदरलँड्समधल्या फ्रीसलंड प्रांतातल्या गोठ्यांत कृत्रिम रेतन करत हिंडत होता. गाय माजावर आली की शेतकरी फोन करायचे आणि हा वळूच्या वीर्याच्या गोठवलेल्या कांड्या घेऊन हजर. म्हाताऱ्या त्येर्डकाकांकडे काम उरकलं की कॉफी मिळे, तिच्याबरोबर बिस्कीट मात्र एकच. ते हातावर ठेवून काका डब्याचं झाकण खटकन लावत. टोमणाही ठरलेला, "काय रे, गावभरच्या वासरांच्या बापा! घरचा पाळणा कधी हलवतोस?"

हिल्के हसून वेळ मारून नेई. खरं तर तपासणीत कळलं होतं, की त्याच्या पेशींत एक एक्स गुणसूत्र जास्तीचं आहे आणि वीर्यात शुक्राणू एकही नाही. दुःखाआधी त्याला नवलच वाटलं. एवढंसं जादा, आणि त्यानं एवढं उणं?

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शस्त्रक्रिया करून वृषणात शोधू. एक जिवंत मिळाला तरी तो प्रयोगशाळेत स्त्रीबीजात सोडता येतो. पण निम्म्या जणांत काहीच मिळत नाही."

"एकच हवाय ना?" त्याची बायको बाउक्ये म्हणाली. "तू तर एकेका कांडीत लाखो बघतोस!"

हिल्केलाही तसंच वाटलं. या धंद्यातल्या माणसाला वाटणारच.

शस्त्रक्रिया झाली, पण प्रयोगशाळेत चार तास शोधून काही सापडलं नाही. तेव्हा त्यानं हट्ट धरला, "मला बघू द्या. माझी नजर तयार आहे." तंत्रज्ञ मुलीनं खुर्ची सोडली. सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी कणाकणानं सरकवत त्यानं अर्धा तास पाहिलं. पेशी होत्या, चुरा होता, हलणारं काही नव्हतं.

"तुम्ही नीट शोधलंत," तो मुलीला म्हणाला. गाडीत बाउक्येजवळ मात्र ढसाढसा रडला.

पुढच्या आठवड्यात पुन्हा काकांचं स्वयंपाकघर. कॉफी, बिस्कीट, झाकण, टोमणा. खिडकीत काकांचा लाडका बोका पसरला होता, पांढरा, काळा आणि तांबूस.

"काका, याला पिल्लं का होत नाहीत हो?"

"तीन रंगांचा बोका हजारांत एक! एक गुणसूत्र जास्तीचं असतं म्हणे, म्हणून नाही होत."

"माझ्यातही तेच आहे. डॉक्टरांनी शोधलं, मीही शोधलं. नाही मिळालं काही."

काकांनी बोक्याकडे पाहिलं, मग हिल्केकडे. त्यांनी डबा पुढे ओढला आणि सोळा वर्षांत पहिल्यांदाच झाकण पुन्हा उघडलं.

"घे," ते म्हणाले.