फितीखालून गेलेली बादली

सारसोळ्याच्या त्या कोळणीकडून मी दर रविवारी बोंबील घेते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. भाव सांगतानाही तिची नजर जमिनीवर असते, बर्फाचं पाणी कुठे चाललंय ते बघत.

नव्या मासळी बाजाराच्या उद्घाटनाला मीही पिशवी घेऊन उभी होते. निवेदकाने ‘शहराचे प्रथम नागरिक’ असं म्हणत महापौरांच्या हातात कात्री दिली. तेवढ्यात ही बाई फितीखालून वाकून आत गेली आणि चकाचक फरशीवर तिने भरलेली बादली ओतली. पाणी गटाराकडे गेलंच नाही. ते दाराकडे वळलं आणि महापौरांच्या बुटांपाशी येऊन साचलं.

सुरक्षारक्षक पुढे झाला. ती जागची हलली नाही.

“पयले नागरिक हाव ना तुमी? मंग या पान्यात पयले तुमीच उभं ऱ्हावा. आमाला दिवसभर ऱ्हायचं हाय.”

महापौर दोन पावलं मागे सरले. “उतार करून घेऊ,” म्हणाले आणि फीत कापली. टाळ्या झाल्या. मी वाजवल्या नाहीत, माझं धाडस तेवढंच.

बाजार सुरू झाला. ती अजून बाहेर, रस्त्याच्या कडेलाच बसते. रोज सकाळी एक बादली आत ओतते, थोडं थांबून बघते आणि परत येते.

परवा मी म्हटलं, “मावशी, बाकीच्या सगळ्या आत गेल्या. तुम्ही कधी जाणार?”

बोंबलांवर बर्फ सारखा करत ती म्हणाली, “आधी पानी जाऊ दे.”