बाबूजींच्या खिशातला रोटर

आमच्या घरी तीन गाड्या आहेत, हे मी कॉलेजात सहसा कुणाला सांगत नाही. सांगितलं की समोरची मैत्रीण आधी माझ्या चपलांकडे बघते आणि मग विचारते, "मग तू एसटीनं कायले येतेस?" या प्रश्नाचं एका वाक्यातलं उत्तर मला अजून जमलेलं नाही. म्हणून इथे जरा सावकाश लिहून बघते.

आमचं गाव चिचगडच्या पलीकडे, जंगलाला लागून. बाबूजी आणि काकाजी हे दोघे सख्खे भाऊ, घरं शेजारी शेजारी. धानाच्या बांध्यांच्या वाटण्या झाल्या, विहिरीच्या पाण्याचे वार ठरले, आजीची पितळी भांडीसुद्धा वाटून झाली. गाड्या तेवढ्या राहिल्या. तीन गाड्यांचे दोन वाटे कसे करायचे यावर पंच थकले आणि चहा पिऊन उठून गेले. तिन्ही मिळून तरी एक धड गाडी होते का, हे पंचांपैकी कुणी विचारलं नाही.

पहिली जीप. ती पूर्वी देवरीच्या रस्त्यावर काळीपिवळी म्हणून सवाऱ्या वाहायची. आता वरून निळा रंग मारला आहे, पण जिथे जिथे खरचटलं तिथे खालचा पिवळा दिसतो, काविळीसारखा. डावीकडे वळवली की तिचा हॉर्न आपोआप वाजतो आणि समोर म्हैस आली की दाबूनही वाजत नाही. दुसरी व्हॅन. तिचा सरकता दरवाजा सरकत नाही, थेट निखळतो. म्हणून आत बसलेल्यांपैकी एकानं तो दोन्ही हातांनी धरून बसायचं असतं. लहानपणापासून हे काम माझं. आमगावच्या लग्नाला जाताना माझ्या नव्या फ्रॉकला त्या दाराचं ग्रीस लागलं होतं, आणि बाबूजी म्हणाले होते, "ग्रीस आहे म्हंजे दार चांगलं आहे."

तिसरी मालकाची गाडी. बाबूजी गोंदियाला एका राइस मिलच्या मालकाकडे बरीच वर्षं ड्रायव्हर होते. मालकानं नवी कार घेतली तेव्हा जुनी बाबूजींनी विकत घेतली. ती आमच्या अंगणात येऊन आता माझं सगळं शालेय आयुष्य उलटून गेलं, तरी घरात तिला 'मालकाची गाडी'च म्हणतात. मागच्या सीटवर मालक बसायचे म्हणून तिथे कुणी पाय वर घेऊन बसायचं नाही. मालकानं ती विकून का टाकली असेल, हा साधा प्रश्न बाबूजींना कधी पडला नाही. मला पडला, पण मी विचारला नाही. आमच्याकडे गाड्यांबद्दल बायकांनी विचारायचं नसतं, फक्त धक्का मारायचा असतो.

तिन्ही गाड्यांना मिळून बॅटरी एक. जी चालवायची तिच्यात ती उचलून ठेवायची. रोज संध्याकाळी काकाजी ती खांद्यावर घेऊन आपल्या घरी नेतात, चार्जिंगच्या नावाखाली. खरं कारण असं की बॅटरी आपल्या घरी असली म्हणजे भाऊ न विचारता गाडी काढणार नाही. यावर बाबूजींनी आपला तोडगा काढला. पेट्रोल गाडीच्या इंजिनात ठिणगी वाटून देणारा अंगठ्याएवढा तपकिरी तुकडा असतो, त्याला रोटर म्हणतात. तो काढून घेतला की चावी फिरवा नाहीतर देवाला हात जोडा, गाडी जागची हलत नाही. बाबूजी गाडी उभी केली रे केली की बॉनेट उघडतात, रोटर काढतात आणि शर्टाच्या वरच्या खिशात टाकतात. जीप डिझेलची, तिला रोटर नसतो, तर तिच्या डिझेलच्या नळीचा नट काढून ठेवतात. म्हणजे आमच्या घरातली कुठलीही गाडी चालू व्हायची असेल तर दोन्ही भाऊ एकाच वेळी घरी, शुद्धीवर आणि चांगल्या मूडमध्ये असावे लागतात. असं वर्षातून किती वेळा घडत असेल, याची कल्पना वाचणाऱ्यानं करावी.

"इस्वास आहे माया भावावर," बाबूजी म्हणतात. "पन वस्तू आपल्या खिशात बरी."

काकाजीही बॅटरीबद्दल नेमकं हेच म्हणतात.

एका दसऱ्याला मात्र तिन्ही गाड्या एकाच वेळी सुरू झाल्या होत्या. आमच्याकडे पूजेच्या वेळी इंजिन चालू पाहिजे असा हट्ट असतो. तर जीप सुरू केली, चालू इंजिनमधून बॅटरी काढून व्हॅनमध्ये ठेवली, ती सुरू केली, मग मालकाच्या गाडीत. अंगणात असा धूर झाला की आईच्या आरतीच्या ताटातली ज्योत दिसेना. दोघे भाऊ छाती काढून फोटोला उभे राहिले. गावातले लोक बघायला जमले. पुढे अडचण ही की गाड्या बंद करायला दोघेही तयार होईनात. बंद केल्या आणि पुन्हा चालू झाल्या नाहीत तर लोक हसतील. म्हणून टाकीतलं सगळं संपेपर्यंत त्या तशाच धडधडत राहिल्या. आई पदरानं नाक झाकून म्हणाली, "तीन गाड्या दारात, आन बाजाराचं ओझं माया डोक्यावर." तिचं बोलणं त्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. मी शेजारीच होते, म्हणून मला गेलं.

आता परीक्षेचं सांगते.

दहावीच्या पुढे गेलेली आमच्या घरात मी पहिली. गोंदियाला बी.एस्सी.ला आहे, शहराला लागून असलेल्या फुलचूरला एका खोलीत आम्ही तिघी राहतो. दुसऱ्या वर्षी मी एका विषयात राहिले तेव्हा बाबूजी आणि काकाजी यांनी बसून ठरवलं की पुन्हा कशात राहिली तर शिक्षण बंद. जे दोघे एका बॅटरीवर एकमत करू शकत नाहीत, त्यांचं माझ्या शिक्षणाबद्दल घटकाभरात एकमत झालं. त्या हिवाळ्यात केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल होतं. प्रॅक्टिकलला हजर नाही म्हणजे नापास, एवढं सरळ. मी अभ्यासाच्या सुट्टीत घरी आले होते आणि आदल्या दिवशी दुपारच्या बसनं खोलीवर परत निघाले. पिशवी खांद्याला होती.

"कुठं चालली?" बाबूजींनी विचारलं.

"खोलीवर. उद्या प्रॅक्टिकल आहे."

"उद्या आहे ना? मंग आज कायले जातेस? उद्या गाडीनं सोडतो तुले. मालकाच्या गाडीनं."

"बस मिळते ना बाबूजी सकाळी. नाहीतर आजच..."

"घरी तीन तीन गाड्या, आन माई पोरगी परीक्षेले बसमंदी लटकत जाईल? लोक काय म्हनतील?"

मी पिशवी खाली ठेवली. ज्यांच्या हातात माझं पुढचं वर्ष आहे त्यांच्याशी किती बोलायचं, हे मला तेव्हाही नीट कळत नव्हतं.

सकाळी धुकं होतं. काकाजी बॅटरी घेऊन आले आणि बॅटरीबरोबर स्वतःही येऊन पुढच्या सीटवर बसले. "धक्का माराले कोनी पायजे ना," असं म्हणाले. बाबूजींनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. आईनं कुंकवाचं बोट गाडीच्या बॉनेटला लावलं, मग आठवण झाल्यासारखं माझ्या कपाळाला लावलं. मी मागच्या सीटवर मांडीवर जर्नल आणि पांढरा कोट घेऊन, पाय खाली सोडून बसले. गाडी दुसऱ्या प्रयत्नात चालू झाली. काकाजींनी खिडकीतून हात काढून दोन ओळखीच्यांना रामराम केला.

चिचगड मागे टाकलं आणि जंगलातल्या रस्त्यावर बॉनेटमधून वाफ यायला लागली. बाबूजींनी नाल्याच्या पुलावर गाडी बाजूला घेतली.

"पानी मागून राहिली," ते प्रेमानं म्हणाले. गायीबद्दल बोलावं तसं.

त्यांनी बॉनेट उघडलं, थोडं थांबले, डिकीतला डबा घेतला आणि खाली नाल्यात उतरले. वाकून डबा भरला, वर आले, रेडिएटरमध्ये पाणी ओतलं. मग त्यांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. मग दुसऱ्या खिशाकडे, जो त्या शर्टाला नव्हताच. मग पँटचे दोन्ही खिसे.

"काऊन गा भाऊ, काय पाहून राहिला?" काकाजी खाली उतरले.

"काही नाई."

"रोटर काढला का तू?"

बाबूजींनी पँटचा एक खिसा बाहेर ओढून उलटा केला.

"इथं? इथं रोटर काढला? कोन चोरून राहिला इथं गाडी, अस्वल?"

"सवय आहे."

"अरे पन कोन आहे इथं!"

"तू होतास ना," बाबूजी म्हणाले.

हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. भर जंगलात, मुलीच्या परीक्षेच्या सकाळी, पाणी आणायला दहा पावलं खाली जाताना त्या माणसानं गाडीतून रोटर काढून खिशात घातला होता, कारण गाडीत त्याचा भाऊ बसला होता. आणि वाकल्यावर तो खिशातून नाल्यात पडला होता.

"मी गाडी घेऊन कुठं जानार होतो?" काकाजी ओरडले. "पोरीले सोडाले? आपन तिलेच तं सोडाले जाऊन राहिलो!"

"बॅटरी रोज घरी नेतेस तेवा नाई सुचत?"

"बॅटरी नाल्यात नाई पाडली मी!"

मग दोघेही पँट गुडघ्यापर्यंत वर करून पाण्यात उतरले आणि तळाचा चिखल चाचपायला लागले. हिवाळ्याचं पाणी, दोघांचे दात वाजत होते, तरी भांडण थांबलं नव्हतं.

"हा का?"

"गोटा आहे तो."

"मंग हा?"

"तोच गोटा आहे, डबल काढला तू."

मी पुलाच्या कठड्याजवळ उभी होते. हातात कोट. दहा वाजता गोंदियाला लॅबच्या दारात उभं राहायचं होतं आणि अजून देवरीही आली नव्हती. वर्गात सगळ्यांसमोर प्रश्न विचारायलाही मला भीती वाटते, दोन वेळा मनात जुळवणी करावी लागते. तेव्हा मात्र खाली वाकलेल्या त्या दोन पाठी बघताना मला फक्त एकच गोष्ट वाटली आणि ती चांगली नव्हती. ही माणसं ठरवणार होती की मी शिकायचं की नाही.

वळणापलीकडे एसटीचा आवाज आला. मी रस्त्यावर येऊन हात वर केला. आधी अर्धा, मग पूर्ण.

"ए, थांब ना वो!" बाबूजी खालून ओरडले. "सापडलाच समज! बसनं कायले जातेस? घरची गाडी आहे ना!"

बस थांबली. कंडक्टरनं दार उघडून आधी मला बघितलं, मग उघडं बॉनेट, मग नाल्यातले दोघे.

"गाडी कोनाची?"

"आमची," मी म्हणाले. सगळी बस खिडक्यांतून वाकून बघत होती. "देवरी द्या एक."

देवरीला गोंदियाची बस लागलेलीच होती. लॅबमध्ये पोचले तेव्हा बाकीच्या मुली टेबलांपाशी उभ्या होत्या. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, "गाडी चुकली का?" मी "हो" म्हणाले. खोटंही नव्हतं ते. त्यांनी मला आत घेतलं. मिळालेला क्षार मला ओळखता आला. परीक्षानळीही फुटली नाही.

आई घरी वाट बघणार म्हणून परतीची बस धरली. नाल्यापाशी पोचलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. मालकाची गाडी तिथेच होती. मागच्या बाजूला रस्त्यावर पळसाच्या फांद्या तोडून ठेवल्या होत्या, म्हणजे येणाऱ्या गाड्यांना कळावं. दोघे भाऊ कठड्यावर बसून एकाच पुडीतला सुपारी-तंबाखूचा खर्रा खात होते, तोंडं दोन दिशांना. ड्रायव्हरनं बस हळू केली.

"चालता का?" कंडक्टरनं विचारलं. सकाळचाच होता तो.

काकाजी उठायला लागले. बाबूजींनी हातानं 'जा, जा' केलं. गाडी सोडून बसनं घरी जाणं त्यांना शक्य नव्हतं, आणि भावाला गाडीपाशी एकटं ठेवून जाणं तर त्याहून नाही. काकाजींनीही ते ओळखलं असावं. ते पुन्हा बसले.

कंडक्टर माझ्याकडे वळला. "तुमचेच ना? उतरता का?"

"नाही," मी म्हणाले. "चिचगड."

बाबूजींनी मला खिडकीत पाहिलं होतं. त्यांनी प्रॅक्टिकल कसं झालं हे विचारलं नाही, बस तेवढी थांबली नव्हती. विचारलं असतं की नाही, सांगता येत नाही.

घरी आईनं विचारलं, "झाली परीक्षा?"

"झाली."

"आन ते दोघं?"

"नाल्यावर. गाडीपाशी."

आईनं तांदूळ धुवायला घेतले. दोघींपुरतेच.

गाडी दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरला बांधून आली. निकाल लागला, मी सगळ्या विषयांत पास झाले. पानठेल्यावर बाबूजी लोकांना सांगत होते, "गाडीनं नेलं पोरीले परीक्षेले. उगीच पास झाली का?" काकाजी मान हलवत होते. मी साबण घ्यायला गेले होते. मी म्हणाले, "बाबूजी, देवरीपर्यंतही नाही नेलं." माझा आवाज बारीक निघाला, पण निघाला.

"निघाली तं गाडीनंच ना?" बाबूजी म्हणाले, आणि पानठेल्यावरचे सगळे हसले. काकाजी सगळ्यात मोठ्यानं.

नवीन रोटर आणला आहे. यापुढे तो काढायचा नाही, असं दोघा भावांपैकी कुणाच्या मनात आलं नाही. बाबूजींनी आईकडून खिशाला बटन शिवून घेतलं. दोरा ओवायला तिनं मला बोलावलं. मी दोरा ओवून दिला आणि पिशवी भरायला लागले. पुढची परीक्षा चार दिवसांवर होती, आणि दुपारची एसटी यायला अजून वेळ होता.