मच्छरदाणीतलं ऊन

दिव्याखाली आधी उजवा हात धरायचा, तळवा वर. मग तो उलटा करायचा, बोटं फाकवायची आणि गप्प उभं राहायचं, समोरच्याचा चहा निवून जाईपर्यंत. मग हात पँटला पुसायचा आणि म्हणायचं, "नुसता उजेड हाय सायेब. ऊन नाय."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की पुढे पुढे तो हात वर गेला तरी माझं डोकं तापायचं. एलईडीच्या दिव्याखाली तळवा धरून कळणार काय? तो फारसा गरम होत नाही, तेच तर त्याचं वैशिष्ट्य. मी हे दादांना समजावून सांगितलं. एकदा नाही, चारदा. ते "व्हय व्हय" म्हणायचे आणि पुढच्या दिव्याखाली पुन्हा हात.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेलच. आपण सल्ला मागायला जातो आणि तो आपल्याला हवा तेवढा सल्ला सोडून बाकी सगळं देतो.

सगळे त्यांना दादा म्हणत. मूळचे पेणच्या खाडीकाठचे, मिठागरावर राबणाऱ्या घरातले. मिठागर बंद पडलं तसे ते वायरमनचं काम शिकले आणि ठेकेदाराकडून आमच्या रोह्याच्या केमिकल कंपनीत लागले. मी इन्स्ट्रुमेंट खात्यात. ते शिडीवर चढून दिवे बदलायचे, मी खाली उभा राहून मीटर तपासायचो. वीसेक वर्षं हीच आमची ओळख. ठेका संपल्यावर त्यांनी पेणला एसटी स्टँडच्या मागे शोभेच्या माशांचं दुकान काढलं.

मी निवृत्त झालो आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीचं रीडिंग घ्यायला लागलो. फ्रिजचं तापमान, नळाचा दाब, कुकरच्या शिट्ट्यांमधलं अंतर. महिनाभरात बायकोनं हात टेकले. "काहीतरी छंद लावून घ्या हो," म्हणाली. मालवणला आम्ही दोघांनी पाण्यात तोंड बुडवून कोरल, म्हणजे प्रवाळ, पाहिलं होतं, ते डोक्यात होतंच. घरात दोन फुटी काचेची टाकी ठेवायची, खारं पाणी, थोडे मासे आणि एक कोरलचा तुकडा. दगडी कोरल पाळायला कायद्याने बंदी आहे, पण मऊ जातीचं, दगडावर बटणांसारखी फुलं येणारं एक असतं, ते चालतं. दादांकडे ते होतं. कोणाच्या तरी टाकीत वाढलेल्या तुकड्यापासून त्यांनी ते पाच वर्षं वाढवलं होतं. समुद्रातून तोडून आणलेलं त्यांना खपत नसे.

"देईन," ते म्हणाले, "पन आदी दिवा दाखवा."

झालं. तिथून माझ्या कटकटीला सुरुवात.

पहिला दिवा मी हार्डवेअरच्या दुकानातून आणला. पांढरा, लखलखीत, क्रिकेटच्या मैदानावर लावावा असा. दादा पेणहून गाडीने रोह्याला आले, हात धरला आणि तेच वाक्य. पंधरा दिवसांत टाकीच्या काचांवर हिरवं शेवाळ इतकं माजलं की मासे आहेत की नाहीत ते कळेना.

आले होते तर त्यांनी पाणीही पाहिलं. खारटपणा मोजायला माझ्याकडे साधन होतं, छोटी दुर्बीण असावी तसं. मी ते पुसून डोळ्याला लावतोय तोवर त्यांनी पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. "दोन तांबे गोडं पानी घाला वयनी," ते बायकोला म्हणाले. मी मोजलं. दोन तांबेच लागले. बायको माझ्याकडे बघून हसली, ते मला बिलकुल आवडलं नाही.

दुसरा दिवा ऑनलाइन मागवला. त्यात सात रंगांचे दाणे, मोबाइलवरून चालणारा. पहाट, दुपार, संध्याकाळ, ढगसुद्धा. वादळाचंही एक बटण होतं. पाहुण्यांना दाखवायला मी ते दाबलं. भर जेवणात टाकीत विजा चमकायला लागल्या आणि आमच्या साडूंच्या हातातलं आमटीचं वाटीभर प्रकरण त्यांच्या मांडीवर गेलं.

दादा आले तेव्हा त्यांनाही मी ते दाबून दाखवलं. त्यांनी शांतपणे पाहिलं. "माशाला वीज कशाला दावता सायेब? तो घाबरंल." मग हात, तळवा वर, तळवा खाली. "नुसता उजेड हाय."

"अहो दादा, हात गरम होतोय का ते बघताय का तुम्ही?" मी ओरडलोच. "हा एलईडी आहे, एलईडी!"

ते ओशाळल्यासारखे हसले आणि निघून गेले. हात गरम होतोय का, हे ते बघतच नव्हते, हे मला पुढे कित्येक महिन्यांनी कळलं. ते हाताकडे बघत नव्हते, खाली वाळूवर पडलेल्या सावलीकडे बघत होते. त्या सात रंगांच्या दिव्यात एका बोटाच्या पाच सावल्या पडायच्या, एक तांबडी, एक निळी, एक हिरवी. म्हणजे दगडाच्या एका बाजूला नुसता निळा रंग मिळणार आणि दुसऱ्या बाजूला नुसता तांबडा. उन्हात असं होत नाही. उन्हात बोटाची सावली एकच पडते. पण हे त्यांनी मला सांगितलं का? नाही. मी विचारलं का? मीही नाही. मी फक्त ओरडलो.

तिसरा दिवा त्यांनीच आणला. कोणाचा तरी जुना, पुढे दुधी काच, वर उजेड कमीजास्त करायच्या दोन खुंट्या, एक पांढऱ्याची, एक निळ्याची. ढग नाहीत, पहाट नाही. हात धरला, बराच वेळ धरला, आणि पहिल्यांदाच म्हणाले, "हां. जवलपास ऊन हाय."

इतक्या खटाटोपानंतर हे खेळणं? मी नाराजच होतो. पण पुढच्या रविवारी ते पिशवीतून डबा घेऊन आले आणि आपल्या कोरलचा दगड मधोमध कापून त्यातला अर्धा माझ्या टाकीत ठेवला.

"अर्धा तुमाला, अर्धा मना. बियानं दोन घरी ठेवायचं सायेब. आमच्यात भाताचं ठेवतात, एका घरी उंदीर लागला तरी दुसऱ्या घरी ऱ्हातं. आता पेनची लाइट गेली तर रोह्याची असंल, रोह्याची गेली तर पेनची." मग दोन्ही खुंट्यांवर खडूने खूण केली. "महिनाभर हात लावायचा नाय."

मी हात लावला.

माझं म्हणणं ऐकून घ्या. मी आयुष्यभर मीटरवर जगलेला माणूस. कंपनीतून निरोपाला मिळालेला, उजेड मोजायचा चांगला मीटर माझ्याकडे होता. मी तो टाकीवर धरला. पांढऱ्याचं रीडिंग ठीक होतं. निळ्याचं मात्र अगदीच थोडं. म्हटलं, दादांनी अंदाजपंचे खूण केलीय, बिचारं कोरल उपाशी मरेल. मी निळी खुंटी रीडिंग बरोबर येईपर्यंत फिरवत नेली. म्हणजे शेवटपर्यंत.

आठवड्यात बटणं मिटली. दुसऱ्या आठवड्यात पांढरी पडली आणि विरघळायला लागली. शंभरेक होती, नऊ उरली. मी खुंटी मागे घेतली आणि दादांना फोन केला. खोटं बोललो, "काय झालं कळत नाही, तुमचा दिवा बहुतेक बिघडलाय."

आता एक गोष्ट मला फार उशिरा कळली, पण तुम्हाला आत्ताच सांगतो. त्याच्या आधल्या आठवड्यात वादळ झालं होतं. रोह्याला काही तास वीज गेली. पेणला त्यांच्या भागात चार दिवस नव्हती. दादांचं अर्धं मेलं होतं. पाच वर्षं जपलेल्या त्या जिवातलं जगात जे काही उरलं होतं, ते माझ्या टाकीतली ही नऊ बटणं.

दादा आले. गाडी क्रॉसिंगला निडी स्टेशनात अडकली म्हणून उशीर झाला, म्हणाले. टाकीसमोर स्टूल ओढून बसले. निळ्या खुंटीवरच्या खडूच्या खुणेकडे पाहिलं, मग टेबलावरच्या माझ्या मीटरकडे. मला वाटलं आता बोलतील. बोलले असते तर बरं झालं असतं.

"सायेब," ते म्हणाले, "हा मीटर कोनासाठी केलेला हाय?"

"कोणासाठी म्हणजे?"

"मानसाच्या डोल्यासाठी ना? मानसाला निल्यात कमी दिसतं. त्याला नाय कमी दिसत."

ते खरं होतं आणि मला ठाऊक होतं. एकतीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्या वर्षी मी ते शिकलो होतो. हा मीटर माणसाला किती दिसतं ते सांगतो, निळा त्याला फारसा कळत नाही. शिकलो होतो आणि विसरून गेलो होतो. आपलंच शिक्षण आपल्या तोंडावर फेकलं जावं, यासारखी चीड दुसरी नाही.

दादांनी पिशवीतून मच्छरदाणीचं पांढरं कापड काढलं. दिव्याखाली झोळीसारखे त्याचे सहा पदर बांधले, प्रत्येकाला वेगळी गाठ, मिठाच्या गोणीला मारतात तशी. तिचं एक टोक ओढलं की सुटते, दुसरं ओढलं की आवळते.

"अहो, दिवा घ्यायचा आणि त्याला मच्छरदाणी बांधायची?"

"मिठाचंबी असंच असतं. खाडीचं पानी एकदम शेवटच्या वाफ्यात घेत नाय. एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. उन्हाला घाई केली की मीठ कडू होतं." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "दर ऐतवारी एक पदर काढायचा. मीच येऊन काढीन. तुमी नको."

आणि ते आले. प्रत्येक रविवारी, पेणहून रोह्याला, एक मच्छरदाणीचा पदर काढायला. दुकान मुलावर टाकून यायचे. स्टुलावर चढायचे, गाठ सोडायचे, पदराची घडी घालून पिशवीत ठेवायचे, हात धरायचे. मी शेजारी मीटर घेऊन उभा, वहीत आकडे लिहीत. बायको पोहे करायची. मध्ये एकदा गाठ सोडायची हौस मला आली. चुकीचं टोक ओढलं आणि ती अशी आवळली की दादांना दाताने सोडवावी लागली. हसत होते, पण खोकलाही येत होता. तो त्यांना त्या पावसाळ्यापासूनच होता.

नऊची चौदा झाली. चौदाची बावीस. पाचवा पदर निघाला तेव्हा चाळीसच्या वर बटणं होती, मधोमध हिरवी, कडेने केशरी. मी म्हटलं, "दादा, तुमचं अर्धं घेऊन जा की आता." तेव्हाही मला वाटत होतं की त्यांचं पेणचं कोरल सुखरूप आहे. मी आपला माझी चूक भरून काढत होतो.

"आज नाय. शेवटचा पदर पुडच्या ऐतवारी. तवा नेईन." उतरताना त्यांनी टाकीच्या काचेवर एकदा हात ठेवला.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. फोन बंद. मला रागच आला. चाळीस बटणं दिव्याखाली उभी आणि हे गायब. त्याच्या पुढच्या रविवारी मी पेणला गेलो. दुकानात मुलगा टाक्या रिकाम्या करत होता. मला बघून त्याने हातातली नळी खाली ठेवली.

"बाबा मंगळवारी गेले काका. दोन दिवस दवाखान्यात होते. मीच कळवायला पायजे होतं."

मागची मोठी टाकी कोरडी होती, काचेवर मिठाची रेघ. मी विचारलं, यातलं कोरल? तेव्हा त्याने वादळाचं सांगितलं. "बाबा बोललेले, सायबांना नका सांगू. त्यांना वाईट वाटंल, मग ते घाईघाईनं दिवा वाढवतील."

मी परतीच्या गाडीत बसलो आणि निडी येईपर्यंत त्यांच्यावरच चिडलो होतो. सांगायला काय झालं होतं? मी खोटं बोललो ते त्यांना माहीत होतं, मीटरचं माहीत होतं, सगळं माहीत होतं. एकदा तोंड उघडून शिव्या दिल्या असत्या तर मी आज मोकळा तरी झालो असतो.

घरी बायको म्हणाली, "अहो, तो शेवटचा पदर काढून टाका आता." मी स्टुलावर चढलो. गाठ समोरच होती, दोन टोकं लोंबत होती. पाच रविवार मी अशी गाठ सुटताना शेजारी उभा होतो, पण कोणतं टोक ओढायचं ते मला सांगता येईना. मी तेव्हा वहीत आकडे लिहीत होतो.

कात्री हातात घेतली आणि परत ठेवली. पदर निघाला की ते आपलं अर्धं नेणार होते. न्यायला आता कोण येणार?

मी दगडाचे दोन भाग केले आणि त्यांचा भाग डाव्या कोपऱ्यात ठेवला. पण दोन्ही घरांचं बियाणं एकाच टाकीत ठेवून मी काय साधणार होतो? एक वादळ आलं की संपलं. कोलाडचे एक डॉक्टर मागे दोनदा कोरलचा तुकडा मागून गेले होते. त्यांच्याकडचा दिवा मी पाहून आलो होतो. नवाकोरा, महागाचा, सावली एकच पडणारा. तरी मी नाही म्हटलं होतं. मनात नव्हतं, एवढंच कारण.

परवा त्यांना फोन केला. म्हटलं, "डॉक्टर, अर्धं देतो. पण घरात जुनी मच्छरदाणी आहे का?"

"मच्छरदाणी?" ते हसायलाच लागले. "अहो साहेब, इतका भारी दिवा घेतलाय, त्याला मच्छरदाणी बांधायची?"

मी काही समजावून सांगितलं नाही. दादांची पिशवी मुलाने मला दिली होती, त्यात पाच पदर घडी करून ठेवलेले आहेत. "असू दे," मी म्हटलं, "मीच घेऊन येतो. रविवारी. पुढचे पाच रविवार मी येईन, तुम्ही हात लावायचा नाही."